सहादूकाकांचं रक्त थांबेना

१

छातीतून काढलेल्या नळीची बाटली दुपारच्या चहाआधीच भरली. सिस्टरने ती बदलली, तर दुसरीही तशीच भरायला लागली, आणि मग आयसीयूतून रक्तपेढीत माझ्याकडे पहिला फोन आला.

बायपासनंतर छातीत थोडंफार रक्त पाझरतंच. त्यासाठीच तर नळ्या ठेवतात. पण सहादूकाकांचं हे पाझरणं नव्हतं, वाहणं होतं. मी पिशव्या पाठवल्या, त्यांच्या मागोमाग स्वतः वर गेले, आणि बाहेरचं रक्त चढायच्या आत त्यांच्याच हातातून एक नमुना काढून खाली आणला. सर्जन महेशने त्यांची छाती पुन्हा उघडली. दिवस मावळेपर्यंत आमच्या फ्रिजचा एक अख्खा कप्पा त्या एका माणसात रिकामा झाला. सहादूकाका वाचले. सातपूरच्या कारखान्यात लेथवर जन्म गेलेला सडपातळ, चिवट माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी घशातली नळी काढल्यावर त्यांनी आधी चहा मागितला.

मी डॉ. अंजली. गंगापूर रोडवरच्या या हॉस्पिटलची रक्तपेढी माझ्याकडे आहे. निवृत्ती जवळ आली आहे आणि जीभ पहिल्यापासूनच तिखट आहे, त्यामुळे लोक सहसा माझ्या वाटेला जात नाहीत. पण त्या सकाळी आमचे संचालक डॉ. यादव माझ्या वाटेला गेले.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि टाइप केलेला एक अहवाल पुढे सरकवला. त्यात पहिलं वाक्य माझंच होतं. काल काढलेल्या नमुन्यावर मी एक तपासणी केली होती. प्लेटलेट किती आहेत हे मोजणारं मशीन सगळ्यांकडे असतं. त्या रक्त गोठवायच्या कामाला लागतात की नुसत्या बसून राहतात, हे पाहणारंही एक मशीन असतं आणि ते माझ्याकडे आहे. सहादूकाकांच्या प्लेटलेट भरपूर होत्या, पण ढिम्म होत्या. ऑपरेशनपुरतं हृदयाचं काम करणाऱ्या मशीनमधून आलेल्या प्लेटलेट थोड्या सुस्तावतातच. पण या ज्या तऱ्हेने गप्प होत्या, ती तऱ्हा एकाच जातीच्या गोळीची. स्टेंट बसवलेल्या माणसाला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जी देतात, तीच. ती ऑपरेशनच्या निदान पाच दिवस आधी थांबवायची असते. सहादूकाकांना ऑपरेशनच्या आठवडाभर आधी दाखल केलं होतं, आणि ती गोळी बंद असल्याचं सगळेच सांगत होते.

हे झालं माझं वाक्य. पुढचं वाक्य यादवांचं होतं. वॉर्डमध्ये रुग्णाला औषधं देण्याचं काम सिस्टर हर्षाली यांच्याकडे होतं, सबब त्यांच्या निष्काळजीपणामुळे ही गोळी चालू राहिली. तिला कामावरून काढावं आणि तिची नर्सिंगची नोंदणी रद्द व्हावी, असं पत्रही सोबत तयार होतं. म्हणजे माझ्याच तपासणीचा दोर वळून त्यांनी त्या पोरीच्या गळ्यात अडकवला होता. नोंदणी गेली की नाशिकच काय, कुठल्याच गावात तिला कोणी सिस्टर म्हणून उभं करणार नव्हतं.

“दुपारी मीटिंग आहे, त्याआधी सही लागेल. फॉर्मॅलिटी आहे मॅडम,” यादव म्हणाले.

मी म्हटलं, गोळी पोटात गेली हे मी सांगितलंय, कोणी दिली ते मी सांगितलेलं नाही. ते कळल्याशिवाय सही मिळायची नाही. त्यांनी हसून माझ्या निवृत्तीची आठवण काढली. थोडेच दिवस राहिलेत, कशाला वाकड्यात शिरता.

“थोडेच राहिलेत म्हणून तर शिरते,” मी म्हटलं आणि अहवाल उचलून बाहेर आले.

बाहेर बाकावर निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतली एक ठेंगणी बाई ताठ पाठीने बसली होती. माझ्या कोटावरचं नाव तिने शांतपणे वाचलं, आडनावाशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “जयभीम, ताई.” मीही जयभीम केला. या सहादूकाकांच्या शकुबाई. नवरा मरणाच्या दारातून परत आलेला, तेव्हा मला वाटलं आता त्याच्याबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं ते भलतंच.

“त्या हर्षाली सिस्टरचं काय चाललंय आत?”

२

रक्त वाहणं हा सहसा एकट्यादुकट्याचा गुन्हा नसतो, त्यामागे टोळी असते. सहादूकाकांचं वय सत्तरीच्या पुढचं. अंग काटकुळं, म्हणजे अंगात मुळातच रक्त कमी, आणि मशीनमधल्या पाण्याने ते आणखी पातळ होणार. हिमोग्लोबिन आधीच उतरलेलं. किडनी थोडी कुरकुरणारी. शिरा इतक्या खराब की जोडकाम लांबलं आणि हृदयाच्या मशीनवरचा वेळ वाढला. यातला प्रत्येक जण रक्त वाहायला हातभार लावतो. पण ही सगळी मंडळी आमच्या ओळखीची होती. त्यांचा हिशेब धरूनच मी पिशव्या तयार ठेवल्या होत्या. काल जे झालं ते या टोळीच्या आवाक्याबाहेरचं होतं. आणखी कोणीतरी आत शिरलं होतं.

आधी मी महेशकडे गेले. एखादा टाका सैल राहिला आणि सर्जनने तो गोळीच्या नावाखाली झाकला, असं जगात कधी झालंच नाही असं नाही. महेश माझ्यापेक्षा बराच लहान, हात सोन्याचा, पण घाई अशी की बोलता बोलता माणूस जिन्यावर पोहोचलेला असतो. मी त्याला तोंडावरच विचारलं. तो चिडला नाही. म्हणाला, छाती उघडली तेव्हा पिचकारी कुठेच नव्हती, हाडातून, मांसातून, टाक्यांच्या भोकांतून, सगळीकडून पाझरत होतं. त्याने एकही नवा टाका घातला नव्हता.

“मग थांबलं कशाने?” मी विचारलं.

“तुम्ही पाठवलेल्या प्लेटलेट चढल्या तसं थांबलं.”

हे मात्र मी स्वतः उभं राहून पाहिलं होतं. सैल टाक्यातून वाहणारं रक्त उसन्या प्लेटलेटने असं थांबत नाही. फुटलेल्या नळाला बोळा लावून काय होणार? महेश सुटला.

हृदयाचं मशीन चालवते तेजल. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन नावाचं औषध देतात आणि काम झालं की त्याचा उतारा देतात. उतारा कमी पडला तरी माणूस वाहत राहतो. कँटीनमध्ये तिच्यासमोर बसले, तर तिने ताटातले पोहे तसेच ठेवले. तिला वाटलं मी तिला अडकवायला आले. मी तिला एवढंच विचारलं की आयसीयूत रक्त वाहत असताना हेपारिनची तपासणी पुन्हा केली होती का. केली होती, महेशच्याच समोर, आणि अंगात हेपारिनचा अंश राहिला नव्हता. तेजलही सुटली.

आता गोळीच उरली. आणि वॉर्डमध्ये गोळी देणारा हात एकच होता. जिना उतरताना माझ्या मनात पाल चुकचुकली: यादवांचंच बरोबर असलं तर?

३

हर्षाली कपडे बदलायच्या खोलीत पिशवी भरून बसली होती. कोणी जा म्हणायच्या आधीच तिने निघायची तयारी केली होती, आणि त्याचाच मला राग आला. नांदगावकडची, शेतकऱ्याच्या घरातली पोर. घराण्यातली पहिली सिस्टर म्हणून गावाने तिचा सत्कार केला होता म्हणे. आता त्याच गावात काय तोंड दाखवू, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी म्हटलं, रडायचं नंतर, आधी कपाट उघड. दाखल होताना घरच्या सगळ्या गोळ्या सिस्टरच्या ताब्यात द्यायच्या असा आमचा नियम आहे. काकांचा मुलगा सुयश याने दिलेली पिशवी तिने तेव्हाच टाचणी मारून कुलपात टाकली होती. टाचणी तशीच होती. पण यादव म्हणाले असते, वॉर्डच्या साठ्यातली दिली असेल. न दिलेल्या गोळीचा पुरावा कुठून आणणार?

मग मी दुसऱ्या बाजूने गेले. म्हटलं, त्या आठवड्यात काकांच्या तोंडात जे जे गेलं ते सांग. हॉस्पिटलचं जेवण गेलं, घरचा डबा नाही. या वॉर्डला डबा बंद आहे. पाणी, चहा, तिने दिलेल्या गोळ्या.

“आणखी?”

“आणखी काहीच नाय मॅडम.” ती थांबली. “अंगारा तेवढा.”

शकुबाई रोज सकाळी कागदाच्या पुडीतला चिमूटभर अंगारा नवऱ्याच्या जिभेवर ठेवायच्या. सगळ्यांच्या देखत. राउंडला आलेले महेश सर तर हात जोडून बाजूला उभे राहायचे. ऑपरेशनच्या सकाळी पाण्याचा थेंबही बंद होता, पण अंगाऱ्याला कोण अडवणार? हर्षालीने अडवलं नाही. तिचं घर नवसाचं, तिला उलट बरं वाटलं.

“मी पण मागितला मॅडम. बहिणीची परीक्षा होती. आमच्याकडं अंगारा मागायला कोणी लाजत नाय आन् द्यायला कोणी नाय म्हणत नाय. पण मावशींनी पाठ फिरवली आन् पुडी पदरात खोचली. म्हणल्या, तुझ्यासाठी नाय हा.” तिचे डोळे पुन्हा भरले. “माझं काय चुकलं तेच कळंना.”

मी तिला म्हटलं, पिशवी रिकामी कर आणि इथेच थांब. अंगारा मागितला आणि मिळाला नाही, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि त्याहून चमत्कारिक गोष्ट दुसरीच होती. ती हर्षालीच्या लक्षात येणं शक्य नव्हतं, महेशच्या आणि यादवांच्या तर नाहीच. माझ्या मात्र लक्षात आली, कारण बाकापाशी मी शकुबाईंचा जयभीम घेतला होता.

४

सुयश आयसीयूच्या दाराशी होता. मला पाहिल्यावर त्याचा चेहरा चोरासारखा झाला, आणि मी काही विचारायच्या आतच तो भडाभडा बोलायला लागला. दाखल व्हायच्या आधी तो वडिलांना रोज लसूण, आलं, लिंबाचा काढा देत होता. मोबाइलवर आला होता, ब्लॉकेज खोलतो म्हणून. लसणाने रक्त पातळ होतं असं काल कुठेतरी वाचल्यापासून त्याची झोप उडाली होती.

मी म्हटलं, काढ्याने शिरा खुलल्या असत्या तर महेशला करवत घ्यावी लागली नसती. लसणाने रक्त थोडं पातळ होतं हे खरं, पण तो काढा आठवड्यापूर्वीच बंद झाला, आणि काल जे दिसलं ते लसणाचं काम नाही. त्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला की वॉचमनने वळून पाहिलं.

“आता मला सांग, तुमच्या घरी देव कोणता?”

तो गोंधळला. “मॅडम, तुम्हीच विचारताय? घरात बुद्ध आणि बाबासाहेब. आई तर शेजारच्यांनी अंगारा आणला तर दारातून परत पाठवते. तिचे आजोबा काळाराम मंदिराच्या दारात मार खाऊन आलेले. ते सांगत सांगतच तिने आम्हाला वाढवलं.”

माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गोदावरीत सोडले. त्यानंतर आमच्या घरात अंगाऱ्याची पुडी आली नाही. संकट आलं की माणसं बदलतात म्हणा, मरणाच्या भीतीने भलेभले नवस बोलतात. पण भीतीने अंगारा आणणारी बाई तो लपवत नाही. ती चार जणांना वाटते, चार जणांचा आशीर्वाद घेते.

गोळी बंद करायची हे घरी कोणी सांगितलं, असंही मी त्याला विचारलं. महेश सरांनी त्याला सांगितलं होतं, जिन्यात, तपासणी झाल्यावर. त्याने घरी जाऊन आईला सांगितलं. ती काय म्हणाली?

“काहीच नाही. गप्प बसली.” मग तो म्हणाला, “आई गप्प बसली की तिला पटलेलं नसतं.”

मी आत गेले. सहादूकाका उशीला टेकून होते, आवाज घोगरा, पण नजर साफ. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, काका, मावशींनी अंगारा दिला तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत?

ते थोडं हसले. “जन्मभर कोणापुढं वाकली नाय ती. माझ्यापायी घाबरली आन् वाकली म्हणलं. तिला कशाला लाजवायचं? गिळला.” मग दम घेऊन म्हणाले, “पण लय कडू व्हता.”

राख कडू नसते.

५

शकुबाई अजून बाकावरच होत्या. मी शेजारी बसले. इकडचं तिकडचं बोलायचा माझा स्वभाव नाही, त्यांचाही नसावा.

“मावशी, राख कुठली होती?”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. नजर चुकवली नाही.

“बंबातली. चाळून घेतलेली.”

“आणि गोळी?”

“पट्टीतल्या आधीच काढून ठेवल्या व्हत्या. खलबत्त्यात कुटल्या.” त्यांनी पदर सावरला. “मी दिली. रोज दिली. ऑपरेशनच्या सकाळी बी दिली. तुम्ही लोक गोळीला हात लावता, अंगाऱ्याला लावत नाय. एवढे शिकलेले डॉक्टर, राखेपुढं हात जोडून उभे. मला हसू येत व्हतं ताई, खरं सांगते.”

खोटं कशाला बोलू, मलाही आलं. पण त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. काल इतकं रक्त का गेलं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या मते त्यांच्या गोळीमुळेच नवरा वाचला होता.

का दिली, ते त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ सावळीराम. त्याला स्टेंट बसवला आणि महिनाभराच्या आतच हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या एका डॉक्टरने हीच गोळी बंद करायला लावली. आठवडा उलटायच्या आत भाऊ अंगणात पडला तो उठलाच नाही. पुढे सहादूकाकांना स्टेंट बसला तेव्हा तिथल्या डॉक्टरने शकुबाईंच्या तोंडासमोर बोट नाचवून सांगितलं होतं, ही गोळी एक दिवस जरी चुकली तर माझ्याकडे रडत येऊ नका. त्यांनी ती कधीच चुकवली नाही. आणि आता दुसरे डॉक्टर म्हणत होते, बंद. का बंद, ते कोणी सांगेना. एका डॉक्टरचं ऐकून भाऊ गेला होता. नवऱ्याच्या बाबतीत त्या कोणाचंच ऐकणार नव्हत्या.

मी त्यांना सांगितलं, सावकाश, सगळं. सावळीरामचा स्टेंट नवा होता, ओल्या जखमेसारखा. तिथे ही गोळी थांबवणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि त्या डॉक्टरने तो केला. सहादूकाकांचा स्टेंट जुना, त्याच्यावर आतून कातडी धरलेली. तिथे काही दिवस गोळी थांबली तर धोका थोडा. पण छाती उघडायची असताना ती चालू राहिली, तर रक्त गोठायचं विसरतं. काल ते विसरलं.

त्यांची ताठ पाठ पहिल्यांदा वाकली.

“म्हंजे मीच मारत व्हते का ह्यांना?”

त्यांना बरं वाटावं म्हणून नाही म्हणावं असं फार वाटलं. पण इतके दिवस सगळ्यांनी त्यांना अर्धवटच सांगितलं होतं, त्यात माझी भर नको होती. म्हटलं, जवळजवळ. पण तुम्ही ते वाचवायला केलंत, आणि जे सांगायला हवं होतं ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही, हेही तितकंच खरं आहे. त्या रडल्या नाहीत. मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी त्यांचा हात धरला. असलं मी सहसा करत नाही.

मग त्यांनी विचारलं, “सिस्टरला काढणार हायेत का?”

“आज दुपारी.”

“त्या पोरीला मी चिमूटभर दिला नाय ते बरं झालं,” त्या उठत म्हणाल्या. “नाय तर तिला बी चारली असती गोळी. चला. कुठं हाय ती मीटिंग?”

मी म्हटलं, तुम्हाला यायची गरज नाही, मी सांगेन. तिथे तुमच्यावरच उलटेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझी आजी पाहायची, मी लहानपणी भित्रेपणा केला की.

६

मीटिंगला यादव, महेश, तेजल आणि कोपऱ्यात उभी हर्षाली. शकुबाई माझ्यामागून आत आल्या तेव्हा यादवांनी नातेवाईकांनी बाहेर थांबावं असं सुचवलं. शकुबाई खुर्ची ओढून बसल्या.

मी क्रमाने सांगितलं. टाका नाही, कारण प्लेटलेटने रक्त थांबलं. हेपारिन नाही, कारण ते उतरलं होतं. वय, बांधा, किडनी, हिमोग्लोबिन, मशीनवरचा वेळ, हे सगळे साथीदार. मुख्य गोळीच. कुलपातली पिशवी उघडलेली नाही. आणि डब्याला, पाण्याला, सगळ्याला नियम लावणाऱ्या या वॉर्डात एकच गोष्ट बिननियमाची रोज आत जात होती. आपल्यापैकी कोणी ती हुंगूनही पाहिली नाही. ज्या घरात अंगारा येतच नाही त्या घरातून तो आला, आणि जो मागेल त्याला मिळायचा तो अंगारा सिस्टरला मिळाला नाही.

महेशच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आपले जोडलेले हात त्याला आठवले असावेत.

“सिस्टरला सोडा,” शकुबाई म्हणाल्या. “तिला ठावंच नव्हतं. मी दिली.”

यादवांचा चेहरा उजळला. मला हेच भय होतं. ते म्हणाले, मग प्रश्नच मिटला, हॉस्पिटलचा काही दोष नाही, रुग्णाच्या पत्नीने डॉक्टरांची सूचना मोडली असं लिहू. नुसतं नाव बदललं की झालं. त्यांनी पेन काढलंसुद्धा.

“सूचना कोणाला दिली व्हती?” शकुबाईंनी विचारलं.

“तुमच्या मुलाला. स्पष्ट सांगितलं होतं.”

“नवरा माझा. गोळी मी देते. आन् सांगितलं पोराला, जिन्यात.” त्यांचा आवाज चढला नाही. “मी दोन डॉक्टर पाहिले. एक म्हणला बंद केली तर मरंल, एक म्हणला बंद करा. का, ते दोघांनी बी सांगितलं नाय. मी कोणाचं ऐकायचं व्हतं साहेब? तुम्ही सांगा.”

यादवांनी महेशकडे पाहिलं.

मी माझा कागद पुढे ठेवला. म्हटलं, नाव बदलायचं नाही, नाव काढायचं. मी लिहिलंय ते असं: रुग्णाला रक्तस्रावाचे अनेक धोके होते, ते आम्हाला माहीत होते. एक गोळी चालू राहिली. ती घरात जी व्यक्ती देते तिला, ती का थांबवायची, हे आमच्यापैकी कोणीही सांगितलं नाही. गोळी खरंच थांबली का हे पाहणारं मशीन आमच्याकडे आहे, ऑपरेशनआधी ते कोणी वापरलं नाही. या अहवालावर मी सही करते. हर्षालीचं नाव असलेल्यावर नाही, आणि या बाईंचं नाव असलेल्यावर तर मेले तरी नाही. तुमचा अहवाल पाठवायचाच असेल तर पाठवा, माझा मी वेगळा पाठवेन, आणि कोणी बोलावलं तर जिथे बोलावतील तिथे जाऊन हेच सांगेन.

“तुम्ही हॉस्पिटलच्या विरोधात जाताय मॅडम,” यादव म्हणाले.

“हॉस्पिटल म्हणजे काय, तुमची केबिन का?”

मग महेशने माझा कागद स्वतःकडे ओढला. म्हणाला, जिन्यात सांगणारा मीच, दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढे गेलो. त्याने सही केली. त्याच्यामागून तेजलने केली. सर्जनचीच सही झाल्यावर यादवांपाशी काय उरलं? त्यांनी हर्षालीचं पत्र घडी घालून खिशात ठेवलं, आणि मी हात पुढे करून ते मागून घेतलं. फाडलं मात्र तिने, स्वतःच्या हाताने. कोपऱ्यात, पाठ करून, बारीक बारीक.

सहादूकाका घरी निघाले त्या सकाळी मी मुद्दाम वॉर्डमध्ये गेले. हर्षाली पलंगाशी गोळ्या समजावत होती आणि शकुबाई प्रत्येक गोळी तळहातावर घेऊन विचारत होत्या, ही कशाला? चुकली तर काय? त्यात ती जुनी गोळी पुन्हा निघाली. आता जखम भरली, म्हणून परत चालू. शकुबाईंनी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

तेवढ्यात यादव राउंडला आले. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि घाईने म्हणाले, याचं सगळं मी तुमच्या मुलाला नीट सांगतो.

“पोराला मी चहा आणायला धाडलंय,” शकुबाई म्हणाल्या. “मला सांगा. परत चालू का केली?”

यादवांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मग स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि ते बसले.